गोधडीची मांडणी शिकवणारा दोन दिवसांचा क्लास, माझा अनुभव

आधीच सांगते, या क्लासमध्ये गोधडी शिवायला शिकवत नाहीत. टाका कसा घालायचा, मशीन कशी चालवायची हे ज्यांना हवंय त्यांनी दुसरीकडे जावं. इथे शिकवतात ते त्याच्या आधीचं, म्हणजे तुकडे कापून झालेत, ढीग समोर पडलाय, आता कुठला तुकडा कुठे ठेवायचा. मला वाटायचं यात शिकण्यासारखं काय असणार, डोळ्याला बरं दिसेल तसं ठेवायचं. दोन दिवसांनी घरी आले तेव्हा कळलं की गोधडी चांगली दिसते की नुसतीच उबदार होते हे सगळं याच टप्प्यावर ठरतं, आणि आपण नेमकी इथेच घाई करतो.

क्लास पुण्यात आहे, ताई स्वतःच्या घरी वरच्या मजल्यावर घेतात, शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, फी दोन दिवसांची २२०० रुपये, बॅच आठ जणींची. नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, ओळखीतून येणाऱ्या बायकाच त्यांना पुरतात. तरी रिव्ह्यू लिहितेय कारण असा क्लास तुमच्या गावात कोणी घेत असेल तर जावं का, आणि गेलात तर काय बघावं, हे तरी कळेल. आणि नाही मिळाला कुठे तर यातलं बरंचसं घरी पण करता येतं.

माझी परिस्थिती अशी होती. आजी जाऊन चार वर्षं झाली, तिची पाच लुगडी आईने ट्रंकेत ठेवली होती. दोन इरकली, एक गर्द हिरवं आणि एक वांगी रंगाचं, एक डाळिंबी, एक साधं सुती निळं, आणि एक काळी चंद्रकळा. आईला म्हटलं याची तुझ्यासाठी गोधडी करते. आईने एकदाच विचारलं, कापायचीच का, आणि मग स्वतःच काढून दिली. मी साडेसहा इंचाचे चौकोन कापले, सहा इंचाचा चौकोन आणि चारही बाजूंनी शिलाईसाठी पाव इंच माया, एकूण ९६, आठ आडवे बारा उभे. हॉलमध्ये फरशीवर मांडले. हिरवा, डाळिंबी, निळा, वांगी, काळा, परत हिरवा, असे नीट आलटून पालटून, शेजारी शेजारी सारखा रंग येणार नाही याची इतकी काळजी घेतली की दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आणि उभं राहून बघितलं तर एक काळपट चादर. जवळ बसलं की प्रत्येक चौकोन सुंदर, इरकलीच्या बारीक रेघा दिसतायत, डाळिंबीची झाक दिसतेय, आणि चार पावलं मागे गेलं की सगळं एकमेकात विरघळून जातंय. मी महिनाभर ते चौकोन पिशवीत भरून ठेवले, कारण काय चुकतंय तेच कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी ताईंनी सगळ्यात आधी मला ते चौकोन टेबलावर पसरायला लावले आणि म्हणाल्या, "फोन काढ, फोटो घे, आणि तो फोटो ब्लॅक अँड व्हाईट कर." केला. पाचही लुगडी एकाच राखाडी रंगाची. हिरवं आणि डाळिंबी तर ओळखू पण येत नव्हतं कुठलं कुठलं, फक्त चंद्रकळा जराशी जास्त काळी. त्या म्हणाल्या, "अगं, तू रंग पाच घेतलेस पण उजेड एकच घेतलास." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. डोळ्याला लांबून आधी गडद-फिकट कळतं, रंग नंतर कळतो. दोन रंग कितीही वेगळे असले तरी दोघांचा गडदपणा सारखा असेल तर त्यांच्यामधली रेघ लांबून पुसली जाते, आणि रेघच पुसली गेली तर डिझाईन कुठून दिसणार. आजीच्या पिढीच्या बायका गडदच नेसायच्या, मळखाऊ रंग, त्यामुळे जुन्या लुगड्यांची गोधडी करायला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला हाच प्रॉब्लेम येतो असं त्या म्हणाल्या. आमच्या बॅचमध्ये आठातल्या पाच जणींचं हेच होतं.

मग तीन ढीग करायला लावले, गडद, मधले, फिकट. यात एक गंमतीची गोष्ट कळली की मधला असा काही स्वतंत्र नसतोच, निळं सुती लुगडं चंद्रकळेशेजारी ठेवलं की फिकट दिसतं आणि पांढऱ्याशेजारी ठेवलं की गडद. म्हणजे तुकडा हातात धरून तो कसा आहे हे ठरवता येत नाही, शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. माझा फिकट ढीग रिकामा होता. मला वाटलं आता म्हणतील बाजारातून कापड आणा, आणि मला ते नको होतं, आजीच्या गोधडीत नवं कापड घालायचं माझ्या जिवावर आलं असतं. ताईंनी विचारलं, "आजोबांचं काही आहे का?" 

आजोबांचं धोतर होतं. ट्रंकेत तळाशी, ज्यात लुगडी गुंडाळून ठेवली होती तेच, आम्ही त्याला कापड म्हणून मोजलंच नव्हतं. संध्याकाळी आईला फोन केला, भाऊ रात्री घेऊन आला. इतकी वर्षं धुऊन धुऊन त्याचा रंग सायीसारखा झालेला, आणि तोच रंग लागत होता, कारण नवा पांढराशुभ्र मांजरपाट गडद लुगड्यांच्या मधे घातला की तो टोचतो, नजर तिथेच अडकते. ताईंनी दोन्ही तुकडे भिंतीवर लावून दाखवले तेव्हा फरक एवढा स्पष्ट होता की समजावून सांगायची गरजच पडली नाही. धोतर फार विरलेलं आहे म्हणून त्याच्या प्रत्येक चौकोनाला खालून मलमलचा एक थर लावला, नाहीतर मागच्या गडद कापडाची माया वरून दिसते. हे पण त्यांनीच सांगितलं, मी तसंच शिवलं असतं तर प्रत्येक जोडावर काळी सावली आली असती.

आता कापडाच्या तयारीबद्दल एक सांगते कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. जुनं सुती कापड कापायच्या आधी त्याला साबुदाण्याची खळ करायची. पातळ, दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात शिजवून गाळलेला. वाळल्यावर किंचित ओलसर असताना इस्त्री. लुगडं एकदम कागदासारखं होतं, कापताना पळत नाही, उरेब बाजू, म्हणजे तिरक्या धाग्याची, ताणली जात नाही. आणि इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची, उचलून ठेवायची. मी आयुष्यभर इस्त्री ओढत आलेय, त्यामुळे पहिले दहा-बारा तुकडे तिरके करून ठेवले.

भिंतीबद्दल. ताईंच्या खोलीत दोन भिंतींना फिकट राखाडी फ्लॅनेल ताणून लावलंय, साधारण आठ बाय सहा फूट. सुती तुकडा त्यावर ठेवून हात फिरवला की चिकटून राहतो, टाचणी लागत नाही. फरशीवर मांडण्यात आणि भिंतीवर मांडण्यात काय फरक असेल असं मला वाटलेलं, पण फरशीवर आपण वरून तिरकं बघतो, जवळची ओळ मोठी दिसते लांबची लहान, आणि मागे जाऊन एकसारखं बघता येत नाही. शिवाय घरात कोणी चालत गेलं की संपलं. हे फ्लॅनेल मी घरी पण आणलं, चार मीटर, बेडरूमच्या कपाटाच्या दारांवर डबल साईड टेपने लावलंय. या क्लासमधून घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू हीच.

मग मुख्य काम. माझे चौकोन तर कापून झालेले. ताई म्हणाल्या, चौकोनाचे चौकोन ठेवलेस तर गडद-फिकट बुद्धिबळाचा पट होईल, वाईट नाही पण बघून पाच मिनिटांत कंटाळा येईल, त्रिकोण करूया. एक लुगड्याचा चौकोन, एक धोतराचा, समोरासमोर ठेवायचे, पाठीमागे पेन्सिलने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचं. दोन चौकोन तयार, प्रत्येक अर्धा गडद अर्धा फिकट. यात हिशोब असा की शिवून झाल्यावर तो चौकोन साडेसहाचा राहत नाही, सहा आणि एक अष्टमांश होतो, तो छाटून बरोब्बर सहा करायचा आणि जोडल्यावर साडेपाच दिसतो. म्हणजे माझी ४८ बाय ७२ इंचाची गोधडी ४४ बाय ६६ ची होणार होती. मी हिरमुसले, पण त्या म्हणाल्या की तेवढी जागा तुला काठाला लागणारच आहे, आणि ते खरं निघालं. जिला सुरुवातीपासून त्रिकोण करायचेत तिने पाहिजे त्या मापात पाऊण इंच आणि वर एक अष्टमांश मिळवून चौकोन कापावा, म्हणजे सहा इंच हवा असेल तर सहा आणि सात अष्टमांश, आणि हात बसलेला नसेल तर सरळ सात कापून नंतर छाटावं.

४८ लुगड्याचे, ४८ धोतराचे, त्यातून ९६ त्रिकोणी चौकोन. अर्धे गडद चौकोन वाचले, त्यांचं काय केलं ते पुढे.

एकाच चौकोनाला फक्त फिरवून किती वेगवेगळ्या गोधड्या होतात हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर कोणी सांगून पटलं नसतं. पहिल्यांदा सगळे एकाच दिशेने लावले, गणपतीच्या मांडवातल्या पताकांसारखं झालं, छान पण जरा पोरकट. मग चार चार एकत्र फिरवून भिरभिरी केली, २४ भिरभिरी, त्यात इतकी गडबड दिसायला लागली की रात्री पांघरून झोप आली नसती असं बाजूच्या काकू म्हणाल्या आणि मला ते पटलं. मग तिरके पट्टे, फिकट टोकं फिकटाला आणि गडद गडदाला जोडून, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे, अमेरिकेत या रचनेला नावच शेताच्या तासांवरून आहे असं ताईंनी सांगितलं. शेवटी मधोमध एक चौकट उभी, तिच्याबाहेर दुसरी, तिच्याबाहेर तिसरी, तलावात दगड टाकल्यावर लाटा जातात तशा, फक्त लाटा गोल नाहीत, टोकदार. ही लावली आणि खोलीतल्या सगळ्या बायका आपापलं काम सोडून बघायला आल्या. तेच कापड, तेच चौकोन, एक पण नवा तुकडा नाही, नुसते फिरवले.

प्रत्येक मांडणीचा फोटो घ्यायचा हा त्यांचा नियम आहे आणि तो अजिबात चुकवू देत नाहीत, कारण पाचवी मांडणी लावेपर्यंत दुसरी कशी होती ते विसरायला होतं. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर माझा निर्णय बदलला, भिंतीवर मला तिरके पट्टे आवडले होते, फोटोत चौकटी. आणखी एक साधन त्यांच्याकडे आहे, दाराला लावतात ना ते बाहेर कोण आहे बघायचं भिंग, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते सुटं डोळ्याला लावून बघायचं. छोट्या खोलीत पण वीस फूट लांबून बघितल्यासारखं दिसतं आणि चुकीचा तुकडा लगेच डोळ्यात भरतो. माझ्यात खालच्या डाव्या बाजूला तीन चंद्रकळेचे तुकडे एकत्र आले होते, भिंतीसमोर अर्धा तास उभी राहून मला दिसले नव्हते, भिंगातून पहिल्या क्षणी दिसले, कापडाला भोक पडल्यासारखे.

मग ताईंनी विचारलं ही गोधडी भिंतीवर टांगणार की पलंगावर घालणार. पलंगावर. मग चौकटीचा मध्य बरोब्बर मधे कशाला ठेवतेस, वर उशी येणार, दोन ओळी उशीखाली जाणार, दिसणारा भाग खालचा. मध्य एक ओळ खाली घेतला, वर सात ओळी खाली पाच. मला हे अजिबात पटत नव्हतं, कागदावर वेडंवाकडं दिसत होतं, पण आज पलंगावर घातल्यावर मध्य जिथे पाहिजे तिथेच येतो. नुसतं डिझाईन शिकवणारा आणि वर्षानुवर्षं गोधड्या वापरणारा माणूस यातला फरक मला इथे दिसला.

झळझळीत रंगाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. डाळिंबी लुगड्याच्या पदरात हळदीच्या रंगाची एक पट्टी होती, फार सुंदर, आणि मला ती सगळीकडे घालायची होती. त्या म्हणाल्या, "पान वाढतेस ना? चटणी कुठे वाढतेस?" डाव्या बाजूला. "किती?" चमचाभर. "चटणी चांगली झाली म्हणून पानभर पसरतेस का?" बस, तेवढ्यात समजलं. हळदी रंग फक्त पाच जागी आला, एक मध्याजवळ, बाकीचे चार लांब लांब, एका रेघेत नाहीत, पण नजर एकावरून दुसऱ्यावर उडी मारत सगळ्या गोधडीभर फिरते. एकाच जागी ठेवला असता तर डाग दिसला असता, एकच डोळ्याला खटकणारा. आणि इरकलीच्या लाल पदराचे चार तुकडे अगदी मध्यात.

माझ्याशेजारच्या काकूंचं काम पण सांगते कारण त्यांची अडचण अगदी उलट होती. त्यांच्याकडे काकांचे ऑफिसचे शर्ट, सगळे फिकट निळे, पांढरे, बारीक रेघांचे, बँकेत होते काका. उजेड भरपूर, गडद काहीच नाही, आणि चौकोन आठ इंची, सरळ ओळीत लावले की शर्टांच्या दुकानातलं शेल्फ. ताईंनी काही बदललं नाही, फक्त सगळे चौकोन पंचेचाळीस अंशात फिरवून टोकावर उभे केले, शंकरपाळ्यासारखे, आणि मधे मधे काकांच्या एका नेव्ही पँटच्या बारीक पट्ट्या घातल्या. टोकावर उभा केला की आठ इंचाचा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वाअकरा इंचाच्या थोडा वर जागा घेतो, बाजूच्या मापाला एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांशाने गुणायचं, त्यामुळे कमी चौकोनात जास्त गोधडी होते. फक्त कडेला त्रिकोणी जागा उरते, आणि तिथले त्रिकोण कापताना मोठा चौकोन दोन्ही तिरक्या रेघांवर कापून चार करायचे, म्हणजे कापडाचा सरळ धागा गोधडीच्या बाहेरच्या कडेला येतो. चार कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र चौकोनाचे दोनच भाग करून. हे उलटं केलं तर बाहेरची कड उरेब येते आणि गोधडीला लाटा पडतात, आणि त्या लाटा मग काही केल्या जात नाहीत. काकूंनी एका शर्टाचा खिसा तसाच ठेवला, कडेजवळच्या एका चौकोनात. त्यात त्यांनी काकांचं पेन ठेवलं होतं फोटोपुरतं, आणि फोटो काढून झाल्यावर ते त्यांना काढवेना.

दुसऱ्या दिवशी काठ. लुगड्याचा काठ हा आपल्याकडे आयता मिळणारा खजिना आहे आणि आपण तो चौकोन कापताना फेकून देतो किंवा कुठेतरी तुकड्यात येऊ देतो. मी नशिबाने हिरव्या इरकलीचा काठ अखंड ठेवला होता. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच, माझ्या ४४ बाय ६६ च्या चारी बाजू मिळून २२० इंच, कोपऱ्यांसाठी जास्तीचं धरलं तरी एका बाजूचा काठ पुरून उरला. रुईफुली काठ आहे, टोकं आत बघतील असा लावला. कोपऱ्यात पट्टी सरळ कापून एकावर एक जोडायची नाही, पंचेचाळीस अंशात तिरकी जोडायची, म्हणजे काठ कोपऱ्यात वळल्यासारखा दिसतो, फोटोच्या फ्रेमला असतो तसा. चार कोपरे करायला मला अडीच तास लागले. एक कोपरा अजून तांदळाच्या दाण्याएवढा चुकलाय.

काठ लावायच्या आधी माप घ्यायचं तर गोधडीच्या कडेचं घ्यायचं नाही, मधोमध घ्यायचं. माझी एक कड ६७ भरली, दुसरी ६६ आणि पाऊण, आणि मधे ६६ आणि पाव. कडा हाताळून हाताळून ताणल्या जातात. मधल्या मापाने पट्टी कापायची आणि कड तिच्यात सांभाळून बसवायची. मी इतकी वर्षं उशांचे अभ्रे आणि दुपटी शिवतेय, लांब पट्टी लावत जायची आणि शेवटी उरली ती कापायची हीच पद्धत, आणि म्हणूनच माझ्या प्रत्येक दुपट्याच्या कडा झालरीसारख्या का होतात ते आज कळलं.

त्याच्याबाहेर साडेपाच इंचाची चंद्रकळेची पट्टी. बाहेरून काळं नको, जड दिसेल असं मला वाटत होतं, पण आतला सगळा उजेड त्या काळ्याने धरून ठेवला. आई म्हणाली आजी ही चंद्रकळा संक्रांतीला नेसायची. पूर्ण गोधडी ५९ बाय ८१ इंच झाली, सिंगल पलंगाला व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ताईंनी फोटो दाखवले, त्यातले दोन प्रकार मनात राहिले. एक सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या बायकांची कवंदी, त्यांची गोधडी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला करतात. त्यांची पद्धत म्हणजे कडेपासून सुरुवात आणि गोल गोल आत येत तुकडे लावतानाच शिवत जायचं, आधी तुकडे जोडून मग थर शिवायचे असं नाही. आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं फूल लावल्याशिवाय कवंदी पूर्ण होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी वाकळा पण अशाच कडेपासून आत चौकोनात चौकोन शिवलेल्या असतात. दुसरा प्रकार अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या, शेतात घालून झिजलेल्या पँटी आणि शर्टांच्या, एक पण रेघ फूटपट्टीने मारलेली नाही तरी मांडणी अशी की नजर हलत नाही. २००२ साली त्यांचं मोठं प्रदर्शन म्युझियममध्ये लागलं आणि २००६ मध्ये तिथल्या पोस्टाने त्यांच्यावर तिकिटं काढली. त्यांचाही आवडता प्रकार चौकोनात चौकोन, त्याला त्या घराचं छप्पर म्हणतात. मला ते बघताना सारखं वाटत होतं की माझ्या पणजीची वाकळ आम्ही ट्रॅक्टरच्या सीटवर टाकली होती.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. आठ जणी आणि भिंती दोन, म्हणजे एका वेळी दोघींचं काम भिंतीवर, बाकीच्या टेबलावर नाहीतर वाट बघत. माझा नंबर पहिल्या दिवशी दुपारी तीनला लागला. सहा जणींची बॅच हवी, फी थोडी वाढवली तरी चालेल. इस्त्री एकच आणि ती पण सतत कोणाच्या ना कोणाच्या हातात. जिना उभा आणि अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी विचार करा, एका काकूंना मशीनची पेटी घेऊन चढताना बघून वाईट वाटलं, मशीन तिथे आहेत हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी आणलीच नसती. लिहिलेल्या नोट्स देत नाहीत, सगळं तोंडी, मापं पटापट सांगतात, तुम्ही वही नेली नाहीत तर घरी येऊन साडेपाच की सहा यात अडकाल. आणि शेवटच्या दोन तासांत काठ, कोपरे, मधले थर आणि धावदोऱ्याच्या रेघा हे सगळं कोंबलं, धावदोऱ्याच्या रेघा हा तर अख्खा विषय आहे, रेघेचा आकारच मांडणीला उठाव देतो किंवा मारून टाकतो, आणि त्यावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली. त्यांनी एवढंच सांगितलं की चौकटी टोकदार आहेत तर धावदोरा पण चौकटीच्याच रेघेने बाहेर बाहेर जाऊ दे, आडवे उभे टाके घातलेस तर दोन डिझाईन्स भांडतील. मी तसंच केलं, डाळिंबी दोऱ्याने, मधे दोन जुन्या सुती साड्या भरून, आणि ते बरोबर निघालं. पण हा भाग मला नीट शिकायचा होता.

पैशाचं बोलायचं तर तुलना सांगते. दोन वर्षांपूर्वी आईच्या साड्या मी एका ऑनलाईन गोधडी करून देणाऱ्यांकडे पाठवल्या होत्या, नाव घेत नाही, साडेचार हजार घेतले. तुकडे हातात आले तसे जोडलेले, सगळे गडद एका कोपऱ्यात गोळा, आईची लग्नातली मोतिया साडी अख्खी पाठीला लावलेली जी कधी दिसतच नाही, आत पॉलिस्टरची जाड गादी. काठ सगळे कापून टाकलेले. विचारलं तर म्हणाले मॅडम डिझाईनचं काही सांगितलं नव्हतं तुम्ही. हे खरं होतं, सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय असतं हेच मला माहीत नव्हतं. आता कोणाला शिवायला दिली तरी मी मांडणी भिंतीवर लावून, फोटो काढून, प्रत्येक चौकोनामागे ओळ आणि नंबरची चिठ्ठी टाचून देईन.

वाचलेले ४८ गडद चौकोन मी पाठीला लावले, धोतराच्या उरलेल्या कापडात मधोमध चार चारच्या बारा ओळी, एक उभा पट्टा. म्हणजे गोधडीला दोन बाजू झाल्या. आई मात्र रोज ती उलटीच घालते, पट्टा वर. तिला तीच बाजू आवडते, म्हणते यात लुगडी जशीच्या तशी दिसतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जाणार असाल तर कापड आधी कापू नका, आख्खंच घेऊन जा. धुऊन, खळ करून. उजेडाकडे धरून बघा, जिथे बसून बसून विरलंय तो भाग बाजूला काढा, पदराकडचा आणि निऱ्यांचा भाग सहसा चांगला राहिलेला असतो. किमान तीन फिकट कपडे शोधा, धोतर, लेंगा, जुन्या पांढऱ्या चादरी, काहीही, आणि नवं विकत घ्यायच्या आधी ट्रंकेच्या तळाला काय अंथरलंय ते बघा. वही, टेप, फोनचा चार्जर. डबा स्वतःचा न्यावा लागतो, चहा त्या देतात, दोनदा, आलं घालून.